पिंपाची जागा

फॉर्मचा नववा रकाना वहिनीनं सकाळपासून दोनदा भरला होता आणि दोनदा खोडला होता. सुदैवानं पेन्सिलीनं.

बाकीचे रकाने तिनं फटाफट उरकले होते. गाई किती, त्यातल्या दुभत्या किती, पाहुण्यांच्या खोल्या किती, हात धुवायची जागा गोठ्यापासून किती पावलांवर, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का, वासरांना बाटलीनं दूध पाजताना पाहुण्यांबरोबर घरचं कोणी उभं असतं का. शेतावर पाहुणे ठेवायचे तर आता परवाना लागणार होता आणि परवान्यासाठी सतरा रकाने. "पाहुणे कोण येतात ते कोणी विचारत नाही, आपलीच चौकशी," असं तिचा नवरा, दादा, पहिल्या दिवशी म्हणाला होता आणि हात झटकून ट्रॅक्टरखाली जाऊन आडवा झाला होता. कागदाचं काम निघालं की दादाला ट्रॅक्टरमध्ये नेमका काहीतरी बिघाड सापडतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फॉर्म अर्थातच वहिनीकडे आला. खोल्या तिच्या, पाहुणे तिचे, तेव्हा प्रमुख म्हणून नावही तिचंच जाणार होतं.

नववा रकाना असा होता: गेल्या तीन वर्षांत शेतावर झालेला अपघात. त्याचं कारण. ते कारण दूर करण्यासाठी काय केलं.

अपघात सरळ होता. तात्या, म्हणजे तिचे सासरे, दीड वर्षापूर्वी पहाटे धार काढायला जाताना गोठ्यामागच्या शेणपाण्याच्या हौदात पडले. दादानं त्यांना बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता. उपायही सरळ होता. हौदावर आता लोखंडी झाकण होतं आणि भोवती कमरेएवढा कठडा. मधल्या ओळीत तिनं 'पाय घसरला' असं लिहिलं आणि तिचा हात तिथंच थांबला. पोलिसांच्या कागदावर हेच होतं, डॉक्टरांच्या कागदावर हेच होतं, भेटायला आलेल्या प्रत्येकाला घरातल्या सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. ऐकायला ते खोटं वाटत नव्हतं. स्वतःच्या अक्षरात मात्र ते तिला बघवेना.

समोरच्या खिडकीतून पिंप दिसत होतं. निळं, पत्र्याचं, कडेनं गंजलेलं, काठोकाठ माती भरलेलं आणि वर सदाफुलीचा गच्च पसारा. पाहुण्यांचा त्याच्यावर फार जीव. आलेलं प्रत्येक कुटुंब त्याच्यापाशी उभं राहून फोटो काढायचं. दीड वर्षात त्या फुलांनी कधी दगा दिला नव्हता. ते पिंप उचलून लांब कुठंतरी फेकून द्यावं असं वहिनीला अगदी पहिल्या दिवसापासून वाटत होतं, पण फेकलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, का फेकलं? म्हणून ती रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालायची आणि घालताना दुसरीकडे बघायची.

"झालं का भरून?" मागून चिऊनं विचारलं.

चिऊ म्हणजे दादाची धाकटी बहीण. चाळिशी ओलांडलेली, शहरातल्या मोठ्या इस्पितळात नर्स, वॉर्डातले डॉक्टरसुद्धा तिच्यापुढे जपून बोलतात म्हणे. घरात ती अजून चिऊच. जमीन आई, दादा आणि चिऊ अशा तिघांच्या नावावर, म्हणून सहीसाठी ती रजा टाकून आली होती.

"एक राहिलंय," वहिनी म्हणाली आणि कागद उलटा ठेवला.

चिऊला ते दिसलं. तिला सगळंच दिसायचं. हा तिचा जुना दोष होता.

*

तपासनीस बाई बरोबर अकराला आल्या. शासकीय माणूस म्हटल्यावर दादानं मनात जी मूर्ती तयार करून ठेवली होती, तिच्याशी त्यांचं काही म्हणजे काही जुळेना. त्यांनी स्वतःचे गमबूट पिशवीतून आणले होते. ते घालायच्या आधी त्यांनी बुटांचे तळ औषधाच्या पाण्यात बुडवले, कोणी न सांगता. गोठ्यात शिरताना त्या आधी हलकेच बोलल्या आणि मगच आत गेल्या, म्हणजे गाई बिचकू नयेत. दादाला त्यांचा राग करायचा होता, पण जमेना.

त्यांनी टेप लावून पाहुण्यांची वाट मोजली. पाट्या वाचल्या. हात धुवायच्या नळापाशी साबण आहे ना ते बघितलं, त्याचा वासही घेतला. चाऱ्याच्या यंत्राला जाळी बसवा म्हणाल्या आणि दादा 'बसवतो' म्हणाला. सगळं ठीक चाललं होतं. मग त्या हौदापाशी आल्या.

"इथं?"

"हो."

त्यांनी कठड्याला हात लावला. "वडील होते ना तुमचे?"

"हो."

"वाईट झालं," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. मग त्यांनी बुटाचा तळ फरशीवर पुढंमागं घासला. "फरशी टाकीनं टोचलेली आहे. चांगली खडबडीत. पाऊस होता का त्या दिवशी?"

"नाही."

"मग घसरले कसे?"

दादानं खांदे उडवले. "अंधार होता."

"टॉर्च नव्हता?"

"तात्या टॉर्च नेत नसत," दादा म्हणाला. हे सांगायला त्याला बरं वाटलं, कारण हे निदान खरं होतं. "पहाटे डोळ्यांवर उजेड मारला की गाई दचकतात, पान्हा चोरतात, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं अंधारातच गेले. हातानं. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट, मग कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब, मग..."

"मग?"

"मग गोठा."

बाईंनी खांब बघितला. खांबापासून गोठ्याच्या दारापर्यंत बघितलं. मधे चांगली बारा-पंधरा पावलं मोकळी फरशी होती आणि त्या मोकळ्या फरशीच्या उजव्या अंगाला हौद. मग त्या वाकल्या. कठड्याच्या अगदी जवळ दगडावर गंजाचं एक गोल कडं उमटलेलं होतं, परातीएवढं. दीड वर्षाच्या झाडण्याधुण्यानं ते गेलं नव्हतं.

"इथं काही ठेवलेलं असायचं का?"

"असेल," दादा म्हणाला. "जुनं काहीतरी."

'अहो, जरा हात लावा, माझ्याच्यानं हलत नाही,' एवढंच वहिनी म्हणाली होती, तात्या पडले त्याच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते, त्याला भूक लागली होती, आणि काय कटकट आहे असं पुटपुटत त्यानं ते पिंप आडवं करून खिडकीखाली लोटत नेलं होतं. मातीही त्यानंच भरली होती. अर्ध्या तासाचं काम. तात्या तेव्हा गावात सुताराकडे गेले होते आणि दिवेलागणीनंतर पुढच्या दारानं आत आले, मग अंगणाकडे फिरकलेच नाहीत. पिंपाला हात लागला की डावीकडे वळायचं, हे तात्यांचं गणित दादाला लहानपणापासून पाठ होतं. त्या संध्याकाळी ते त्याला आठवलं नाही. इतकं साधं होतं ते. आठवलं नाही.

बाई सरळ उभ्या राहिल्या. "हे बघा, मी तुम्हाला अडकवायला आलेले नाही. पण नववा रकाना रिकामा किंवा मोघम चालत नाही. चाळीस वर्षं माणूस त्याच वाटेनं गेला आणि एक दिवस पडला, म्हणजे त्या दिवशी काहीतरी वेगळं होतं. ते काय, हे कळेपर्यंत मला पाहुणे थांबवावे लागतील. आणि पाहुण्यांसाठी केलेला एखादा बदल कारण असेल, तर तो आधी होता तसा करायचा. ज्यानं तो केला, त्याला पाच वर्षं प्रमुख होता येणार नाही. नियम असे आहेत. अशाच अपघातांवरून केलेत."

"होय," दादा म्हणाला.

"मी खाली पाण्याच्या पंपाकडे जाऊन येते. अर्धा तास लागेल. तोवर बोलून घ्या घरात."

*

स्वयंपाकघरात आई मटार सोलत बसली होती. तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं आणि तिनंही ते चालू दिलं होतं. त्यामुळे तिच्यासमोर लोक बरंच काही बोलून जात.

दादानं बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. पाच वर्षांचं ते वाक्य सांगताना तो वहिनीकडे न बघता चहाच्या भांड्याकडे बघत होता.

"तू त्यांना 'असेल' म्हणालास?" चिऊ उसळली. "जुनं काहीतरी? दादा, आपल्या जन्माआधीपासून तिथं पिंप होतं. मी पाच वर्षांची असताना त्यावर चढून पडले, हे बघ, हनुवटीवर अजून वण आहे. अंत्यविधीला आले तेव्हाच मी बघितलं, पिंप जागेवर नाही. तेव्हा विचारलं नाही, कारण तेव्हा विचारायची वेळ नव्हती."

"आता आहे का?" दादा म्हणाला.

"आता त्या बाईनं विचारलंय."

"कारण माहीत नाही असं लिहू. पाहुणे थांबवतील. थांबवू देत. मला कधी हवे होते? गाईच्या शेपटीला रिबीन बांधणारी माणसं!"

"पाहुणे थांबले तर निम्म्या गाई काढाव्या लागतील," वहिनी म्हणाली. "मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात. त्या तांबडीला कोण घेणार, असंही म्हणालात, आणि रात्री जेवला नाहीत."

तांबडी तात्यांची लाडकी होती.

"मग सरळ खरं लिहा," चिऊ म्हणाली.

"आणि हिचं नाव घालू? पाच वर्षं हिला बाजूला बसवू? मग खोल्या कोण बघणार, तू येणारेस शहरातून?"

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते दादाला कळलं. हिचं नाव. दीड वर्षात नवरा-बायकोनं हे कधी उच्चारलं नव्हतं. एका पलंगावर झोपत होते, एका गाईच्या दोन बाजूंना बसून धार काढत होते, पण दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली होती. आपण बोललो तर दुसरा मोडून पडेल, असं दोघांनाही वाटत होतं. आणि त्या गप्प बसण्यानंच दोघं हळूहळू मोडत होते.

"बोललात एकदाचे," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मला वाटायचं, तुम्हाला माहीतच नाही. मग वाटायचं, माहीत आहे आणि तुम्ही मला कधीच माफ करणार नाही."

"लोटत मीच नेलं ना ते."

"मी सांगितलं म्हणून."

"म्हणजे हे असं आहे," चिऊ म्हणाली. "फोटोसाठी. पाहुण्यांना गंजकं पिंप दिसू नये म्हणून. वहिनी, तात्या त्या पिंपाला हात लावून वळायचे, हे तुला माहीत नव्हतं? वीस वर्षं झाली तुला ह्या घरात येऊन!"

"माहीत होतं."

"मग?"

"चिऊताई, मी..." वहिनीनं तोंड उघडलं, चिऊकडे बघितलं, आणि मिटलं. "काही नाही. मीच. माझंच डोकं चाललं नाही."

ते मिटलेलं तोंड चिऊला दिसलं. तिला सगळंच दिसायचं. काहीतरी वहिनी बोलणार होती आणि तिनं ते गिळलं, चिऊसाठी गिळलं. काय असेल? वॉर्डात एखाद्या पेशंटची नाडी हातात धरल्यावर सेकंदाच्या काट्यावर नजर ठेवावी, तसं तिनं मागं मागं जात आठवलं. आणि मग ती 'एक फोन करून येते' म्हणून मागच्या पायरीवर जाऊन बसली.

तात्या गेले त्या दिवशी जे पाहुणे यायचे होते, ते तिनंच पाठवले होते. तिच्या वॉर्डातल्या दोघी, त्यांची मुलं. त्यांना दाखवायला वहिनीनं अंगणाचे फोटो पाठवले होते. चिऊनं फोन वर वर सरकवला, महिने सरकवले, आणि तो फोटो आला. अंगण, खांब, गोठ्याचं दार. मधे पिंप. पिंपाभोवती तिनं स्वतः बोटानं काढलेलं लाल वर्तुळ, आणि खाली तिचेच शब्द: 'वहिनी, बाकी मस्त. हे भंगार तेवढं काढ ग. काहीतरी फुलंबिलं लाव.'

तारीख बघायची तिला गरज नव्हती. तरी बघितली. आदला दिवस.

तिनं ते खोडायला बोट नेलं आणि बोट तसंच राहिलं. वहिनीच्या फोनमध्येही हे असणार. दीड वर्ष आहे, आणि तिनं एकदाही दाखवलं नाही. मघाशी आपण तिच्यावर तोंडसुख घेतलं, तेव्हाही नाही. चिऊला रडू आलं, पण ते वडिलांसाठी की स्वतःच्या लाजेनं, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं नाक पुसलं आणि आत गेली. आत जाऊन सांगायचं असं तिनं ठरवलं होतं.

पण आत आई बोलत होती.

*

"मला ठाऊक होतं," आई म्हणत होती. हातातली शेंग तिनं खाली ठेवली नव्हती. "पिंप हललंय, हे मी त्याच संध्याकाळी बघितलं. खिडकीतून. सुंदर दिसत होतं. म्हटलं, पोरीनं छान केलं. आणि मग आठवलं, हे त्यालाच हात लावून वळतात. म्हटलं, ह्यांना सांगायला हवं."

दादानं मान वर केली.

"पण आमचा अबोला होता."

"अबोला?" दादा म्हणाला. "कशावरून?"

"सदऱ्यावरून. आता हसाल तुम्ही. पाहुण्यांना ह्यांचा गाईबरोबर फोटो हवा होता. हे आपले त्या कोपरावर फाटलेल्या स्वेटरमध्ये. मी कपाटातून चांगला सदरा आणला, इस्त्रीचा. तर सगळ्यांदेखत म्हणाले, मी काय प्रदर्शनातलं जनावर आहे का? पाहुणे हसले. मला फार लागलं ते. मी म्हटलं, आता हे आधी बोलल्याशिवाय मी बोलायची नाही. दोन दिवस झाले होते. ह्यांचंही तसंच, हट्टी माणूस."

तिनं शेंग सोलली. दाणे ताटलीत पडले. तिला पुढं बोलायला किती कष्ट होत होते ते तिच्या अंगठ्यावरून कळत होतं, तो त्या रिकाम्या सालीवरून सारखा फिरत होता.

"संध्याकाळी म्हटलं, जेवताना सांगेन. जेवताना हे खाली मान घालून जेवले. म्हटलं, मीच का आधी बोलू? सकाळी सांगेन. पहाटे मी जागी होते. हे उठले, बूट घातले. मग दाराशी थांबले आणि खाकरले."

आईनं दाराकडे बघितलं.

"मी जागी आहे का ते बघायला खाकरायचे ते. रोजचं होतं. मी 'हं' म्हटलं की काहीतरी बोलायचे, थंडी आहे, किंवा चहा ठेव, असंच. त्या दिवशी दोनदा खाकरले. त्यांना बोलायचं होतं रे. अबोला सोडायला आले होते ते. आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं. म्हटलं, अजून जरा वाट बघू दे."

दादानं टेबलावर डोकं ठेवलं. एवढा मोठा माणूस, पण त्याचे खांदे हलत होते. वहिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी ठेवला होता, आणि त्या हातालाही ते नवीन वाटलं.

"आई, तुम्ही हे कधी बोलला नाहीत," वहिनी म्हणाली.

"कोणाला बोलू? तुम्ही दोघं आपापलं पोटात ठेवून बसला होतात. तुम्ही ताकास तूर लागू देत नव्हता, मग मी तरी का देऊ? मला वाटायचं, ह्यांना मी घालवलं. तुला वाटायचं तू. पण त्यात वाटणी करता येत नाही, बाई. प्रत्येकाकडे ते सगळंच्या सगळं येतं."

चिऊ दारात उभी होती, फोन हातात. आईनं तिच्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. ती काही बोलली नाही, आणि चिऊही नाही.

*

तपासनीस बाई आल्या तेव्हा चौघंही टेबलाभोवती बसली होती. रडून झालेली माणसं ओळखू येतात. बाईंनी ते न दिसल्यासारखं केलं आणि पाण्याचा पेला मागितला.

वहिनीनं कागद पुढं ओढला. "मी लिहिते," ती म्हणाली. "तिथं एक पिंप होतं. तात्या त्याच्या अंदाजानं वळायचे. पाहुण्यांसाठी अंगण चांगलं दिसावं म्हणून ते हलवलं. त्यांना सांगायचं राहिलं." ती बोलत बोलत लिहीत होती. पेन्सिलीनं नाही, पेनानं. "आता नाव. बदल करणाऱ्याचं नाव."

"माझं घाला," आई म्हणाली.

"आई!"

"तू थांब. बाई, माझं नाव घाला. आणि हो, पिंप हलल्याचं ज्याला माहीत होतं आणि ज्यानं सांगितलं नाही, त्याच्यासाठी वेगळा रकाना आहे का तुमच्याकडे?"

"नाही आजी. हलवणाऱ्याचाच आहे."

"मग मला तिथंच बसवा. दुसरीकडे कुठं जाऊ?"

बाईंनी आईच्या हातांकडे बघितलं. मनगटं काडीसारखी. "मातीनं भरलेलं पिंप तुम्ही हलवलंत?"

"रिकामं होतं तेव्हा. घरंगळत नेलं."

बाईंनी दादाकडे बघितलं. दादा खाली बघत होता. वहिनीकडे बघितलं. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मान हलवत होती, नाही, नाही. मग बाईंनी कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि आईचं नाव लिहिलं, एकेक अक्षर सावकाश. आईनं सही केली. दादानं केली. चिऊनं केली, आणि तिची सही थोडी वाकडी आली.

"पिंप मूळ जागी ठेवा," बाई उठताना म्हणाल्या. "कठड्याच्या बाहेर, होतं तिथंच. एक फोटो पाठवा मला. मग परवाना निघेल." दाराशी जाऊन त्या वळल्या. आणखी काहीतरी त्यांना सांगायचं होतं, पण त्यांनी फक्त पाण्याबद्दल आभार मानले.

गाडीचा आवाज गेल्यावर वहिनी आईपुढे जाऊन बसली. "का केलंत असं? ते माझं होतं. तेवढं तरी माझ्याकडे ठेवायचंत."

"ठेवलं असतं," आई म्हणाली. "पण तू रोज त्या कागदाशी बोलत बसली असतीस. मग गाईंकडे कोण बघणार? ऊठ. तांबडी ओरडतेय."

दुपारी त्यांनी पिंप उपसलं. चिऊ फावडं न घेता हातानंच माती काढत होती, कोपरापर्यंत, नखं मोडेपर्यंत, आणि तिला कोणी अडवलं नाही. सदाफुलीची रोपं वहिनीनं ओल्या गोणपाटावर काढून ठेवली. दादानं पिंप आडवं करून लोटत नेलं. जाताना ते तसंच खडखडलं, जसं त्या संध्याकाळी येताना खडखडलं होतं. वहिनीनं कान झाकले नाहीत.

दादानं ते गंजाच्या कड्यावर उभं केलं, वाकून बघितलं, जरा सरकवलं. आई चौकट धरून खाली उतरली. खांबाला हात लावला, आणि तिथून मोकळ्या फरशीवरून डोळे मिटून चालत आली, हात पुढं करून. हात पिंपाच्या कडेला लागला.

"दोन बोटं इकडे," ती म्हणाली. "ते माझ्यापेक्षा उंच होते, त्यांचा हात इथं पडायचा."

दादानं दोन बोटं सरकवलं. कड्याशी कडं जुळलं. चिऊनं मातकट हातानं फोन काढला आणि फोटो घेतला. अंगण, खांब, गोठ्याचं दार, मधे पिंप. तो बाईंना पाठवताना तिला वरचा जुना फोटो दिसला. तो तिनं तसाच राहू दिला.

आई अजून पिंपावर हात ठेवून उभी होती. मग ती रोजच्या आवाजात, सकाळी चहा ठेवताना बोलावं तशी बोलली.

"अहो," ती म्हणाली, "पिंप हलवलंय बरं का. जपून जा."

अंगणात कोणी वर बघितलं नाही. आई डावीकडे वळली आणि गोठ्यात गेली.